कवींना घर देणारी संस्था : कावे कानेम

कविता लिहिणे हे एकट्याचे काम आहे. परंतु कवी घडणे हे एकट्याचे काम नाही. कोणीतरी ऐकणारे लागते, चुका दाखविणारे लागते, आणि ‘उद्या पुन्हा घेऊन ये’ असे म्हणणारेही लागते. ज्यांच्या घरात पुस्तकांचे कपाट पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्यांना हे सारे घरातच मिळते. ज्यांच्या घरात ते नव्हते, त्यांना ते कोठे मिळावे? या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेतील दोन कृष्णवर्णीय कवींनी १९९६ साली आपल्या परीने शोधले. त्यांनी स्थापन केलेल्या ‘कावे कानेम’ या ना-नफा संस्थेची ओळख आमच्या सभासद बंधु-भगिनींना आणि विद्यार्थी मित्रांना करून द्यावी, हा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम एक स्वतःची आठवण सांगणे आवश्यक वाटते. महाविद्यालयात असताना आम्ही तेथील काव्यमंडळात एक कविता वाचली होती. आजी दोरीवर चान्या वाळत घालते आहे, असे त्या कवितेत होते. वाचन संपताच पहिला प्रश्न आला, ‘चान्या म्हणजे काय?’ आम्ही सांगितले. मग कोणी हसले, कोणी नाक मुरडले, कोणी ‘हा शब्द कवितेत शोभतो का’ असे विचारले. आमची वेळ तेवढ्यातच संपली. कविता चांगली होती की वाईट, हे आम्हांस आजतागायत कळलेले नाही. पुढे बँकेत नोकरी लागली आणि कवितेची वही ट्रंकेत गेली.

संस्थेचा उगम

टॉय डेरिकॉट आणि कॉर्नेलियस एडी हे या संस्थेचे संस्थापक. दोघेही स्थापनेपूर्वीच नावारूपाला आलेले कवी होते. एडी यांना १९८५ साली ‘लॅमॉन्ट’ हे मानाचे काव्यपारितोषिक मिळाले होते. तरीही दोघांचा अनुभव सारखाच होता. अमेरिकेतील विद्यापीठांत कवितालेखनाचे रीतसर वर्ग असतात. अशा वर्गात कृष्णवर्णीय विद्यार्थी बहुधा एकटाच असे. त्याने आपल्या वस्तीविषयी, आईच्या बोलीविषयी लिहिले की चर्चा कवितेवर न होता त्याच्या जगण्यावर होई. आधी स्वतःचा खुलासा करावयाचा, आणि मग वेळ उरला तर कविता शिकावयाची! आमच्या चान्यांची गोष्ट सातासमुद्रापलीकडेही घडत होती, असेच म्हणावे लागेल.

यावर उपाय म्हणून त्यांनी १९९६ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क राज्यातील इसोपस या गावी, हडसन नदीकाठच्या एका ख्रिस्ती मठात, एक आठवड्याचे निवासी शिबिर भरविले. सुमारे पंचवीस कवी जमले. शिकणारे कृष्णवर्णीय आणि शिकविणारेही कृष्णवर्णीय. त्यामुळे तेथे कोणालाही स्वतःचा खुलासा करावा लागला नाही. या एका साध्या गोष्टीवर पुढची सारी संस्था उभी राहिली.

नाव आणि चिन्ह

‘कावे कानेम’ हे लॅटिन शब्द आहेत. आपल्याकडे बंगल्याच्या फाटकावर ‘कुत्र्यापासून सावधान’ अशी पाटी असते, तोच त्यांचा अर्थ. इटलीतील पाँपेई हे शहर इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेथे उत्खननात सापडलेल्या एका घराला ‘शोकांतिकेच्या कवीचे घर’ असे नाव पडले आहे. त्याच्या उंबरठ्यावर रंगीत खड्यांत साखळीने बांधलेला कुत्रा आणि खाली हे दोन शब्द आहेत. डेरिकॉट पाँपेईला गेल्या असता त्यांना ते चित्र भावले. कवीच्या घराची राखण करणारा कुत्रा, ही कल्पना त्यांनी संस्थेसाठी घेतली. फरक एवढाच केला की संस्थेच्या चिन्हातील कुत्र्याची साखळी तुटलेली आहे. घराची राखण तर करावयाची, पण बांधलेले राहावयाचे नाही, असा त्याचा अर्थ आम्ही लावतो.

कामाची पद्धत

संस्थेच्या कामाचे मुख्य अंग म्हणजे वार्षिक शिबिर. कवींनी आपल्या कविता अर्जासोबत पाठवावयाच्या व त्यांतून निवड व्हावयाची. निवडलेल्या कवीला ‘फेलो’ म्हणतात. पहिल्या संध्याकाळी सर्वजण वर्तुळात बसतात व प्रत्येकजण आपण येथवर कसे आलो ते सांगतो. दुसऱ्या दिवसापासून नियम कडक. रोज एक नवी कविता लिहावयाची, लहान गटात ती तपासून घ्यावयाची, रात्री काव्यवाचन. विशीतील विद्यार्थी आणि पिकल्या केसांचे गृहस्थ एकाच गटात बसतात.

विशेष लक्षात घेण्याजोगा नियम असा की, एकदा निवड झालेला कवी पाच वर्षांच्या अवधीत तीन वेळा शिबिराला येऊ शकतो. एका सत्काराने आणि शालीने कवी घडत नाही. त्याला पुन्हापुन्हा बोलवावे लागते, हे संस्थेने ओळखले आहे.

दुसरे अंग म्हणजे पहिल्या संग्रहाचे पारितोषिक. ते १९९९ साली सुरू झाले. त्याची रक्कम वर्षानुवर्षे एक हजार डॉलर, म्हणजे अमेरिकेच्या मानाने बेताचीच राहिली. परंतु खरे बक्षीस वेगळे आहे. निवडलेला संग्रह नामवंत प्रकाशनसंस्थेकडून पुस्तकरूपाने प्रसिद्ध होतो. नव्या कवीचे घोडे नेमके येथेच अडते, हे कोणीही मान्य करील.

फळ काय मिळाले?

आम्ही बँकेतली माणसे; जमाखर्च पाहिल्याशिवाय आमचे समाधान होत नाही. म्हणून जमेच्या बाजूच्या काही नोंदी देतो. पारितोषिकाच्या पहिल्या मानकरी नताशा ट्रेथवे यांना २००७ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले, आणि २०१२ साली त्या अमेरिकेच्या राष्ट्रकवी झाल्या. हेच पारितोषिक मिळविणाऱ्या ट्रेसी के. स्मिथ यांना २०१२ साली पुलित्झर व २०१७ साली राष्ट्रकवीपद मिळाले. शिबिरातून गेलेले टेरन्स हेज यांना २०१० साली नॅशनल बुक अवॉर्ड, तर जेरिको ब्राऊन यांना २०२० साली पुलित्झर मिळाले. २०१६ साली नॅशनल बुक फाउंडेशनने साहित्यसेवेचा आपला विशेष सन्मान ‘कावे कानेम’ला दिला. तोपर्यंत तो व्यक्तींनाच मिळत असे. संस्थेला मिळण्याची ती पहिलीच वेळ होती.

हे सर्वजण संस्थेमुळेच मोठे झाले, असे आमचे म्हणणे नाही. प्रतिभा ज्याची त्याचीच असते. परंतु प्रतिभेला वेळेवर दार उघडे मिळाले, हे श्रेय संस्थेचेच होय.

आपले नाते

ही कथा आपल्याला परकी नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली कृष्णवर्णीयांचे विचारवंत नेते डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिले होते. १९७२ साली मुंबईत तरुण कवी-लेखकांनी उभारलेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले. आणि कवींना घर देण्याचे काम तर आपल्याकडे त्यांच्याही आधी सुरू झाले होते. डॉ. गंगाधर पानतावणे यांनी तेव्हाच्या औरंगाबादेतून ‘अस्मितादर्श’ हे त्रैमासिक सुमारे पन्नास वर्षे चालविले आणि लेखक-वाचक मेळावे भरविले. खेड्यापाड्यांतील किती नवख्यांचे पहिले लिखाण तेथे छापून आले! २०१८ साली पानतावणे सर गेले. त्यांनी उघडलेले दार उघडे ठेवणे हे आता आपले काम आहे.

त्यासाठी मठ नको की डॉलर नकोत. महिन्यातून एक रविवार, संस्थेची खोली, वर्तुळात मांडलेल्या खुर्च्या आणि हजेरीची वही एवढे पुरे. नियम दोनच असावेत. कोणाच्या शब्दाला हसावयाचे नाही, आणि कच्च्या ओळीला उगाच ‘वा वा’ म्हणावयाचे नाही. वर्षाकाठी एका नव्या कवीची पुस्तिका काढण्यासाठी वर्गणी जमवावी. तिचे बचत खाते दोघांच्या सहीने चालावे आणि हिशेब वार्षिक सभेत मांडावा. खात्याचा अर्ज भरून देण्याची जबाबदारी आम्ही घेतो.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या आजीच्या तोंडचा शब्द कवितेत आणताना बिचकू नका. तो समजणारी माणसे पहिल्या बैठकीला नक्की असतील. ट्रंकेतील वही घेऊन आम्हीही येऊ.