एक नट आणि बावन्न माणसे

गतवर्षीच्या स्नेहसंमेलनात नववीच्या एका विद्यार्थ्याने औंढ्याचे बसस्थानक रंगमंचावर उभे केले. त्यासाठी त्याला पडदा लागला नाही, की साधी खुर्चीही लागली नाही. घटकेत तो सुट्ट्या पैशांवरून त्रासलेला कंडक्टर होई, घटकेत महाशिवरात्रीच्या यात्रेस आलेली म्हातारी होई, तर घटकेत तिला नागनाथाच्या देवळाची वाट दाखविणारा फुलवाला होई. मंडप हास्याने दुमदुमून गेला. कार्यक्रम आटोपल्यावर मात्र एका पालकांनी आम्हांस बाजूस बोलावून विचारले, "मुलांनी ही गावंढळ भाषा विसरावी म्हणून आम्ही त्यांना शाळेत धाडतो, आणि तुम्ही तीच भाषा व्यासपीठावर चढवून तिला बक्षीस देता, हे कसे?" प्रश्न तळमळीचा होता. त्याचे उत्तर उभ्या उभ्या देणे आम्हांस साधले नाही. ते या लेखात देण्याचा यत्न करीत आहोत.

आमच्या त्या विद्यार्थ्याने जे केले त्यास एकपात्री प्रयोग म्हणतात. एकच नट अनेक पात्रांची सोंगे वठवितो आणि सबंध कथा एकट्याच्या बळावर प्रेक्षकांपुढे उभी करितो. ही कला आपल्या भूमीस परकी नव्हे. ज्या नामदेव महाराजांचे नाव या जिल्ह्यातील नरसी गावाशी जोडलेले आहे आणि ज्यांस औंढ्यास विसोबा खेचर हे गुरू भेटले असे परंपरा सांगते, त्यांची कीर्तने आजही गावोगाव होतात. नामदेवांसाठी देऊळच फिरले ही आख्यायिका रंगवून सांगताना कीर्तनकार क्षणात नामदेव होतो, क्षणात त्यांस मागे हटविणारा पुजारी होतो, आणि श्रोत्यांस दोघेही डोळ्यांपुढे दिसतात. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी हेच कीर्तन ख्रिस्ती मंडळीत आणिले, कारण एका माणसाच्या तोंडून अनेकांची कथा ऐकण्याची गोडी मराठी माणसाच्या अंगी मुरलेली आहे, हे त्यांनी ओळखिले होते. कीर्तनात या कौशल्याचा हेतू भक्ती हा असतो. विनोदी एकपात्री प्रयोगाचा हेतू माणसाला माणसाची ओळख पटविणे हा असतो.

आधुनिक मराठी रंगभूमीवर या प्रकारास मोठी प्रतिष्ठा मिळवून दिली ती पु. ल. देशपांडे यांनी. त्यांचा जन्म 1919 साली मुंबईस झाला. त्यांनी अध्यापन केले, चित्रपटांत काम केले, आकाशवाणी व दूरदर्शन या दोन्ही ठिकाणी नोकरी केली आणि विपुल विनोदी लेखन केले. 1953 सालच्या 'गुळाचा गणपती' या चित्रपटात कथा, संगीत, दिग्दर्शन व मुख्य भूमिका अशी अनेक अंगे त्यांनी एकट्याने सांभाळिली. 1961 पासून ते 'बटाट्याची चाळ' या आपल्याच पुस्तकाचा एकपात्री प्रयोग करू लागले. गिरगावातील जुन्या चाळीतील बिऱ्हाडे एकट्या देशपांड्यांच्या देहातून प्रेक्षकांपुढे येत असत. लेखणी, ध्वनिक्षेपक, चित्रपट व रंगमंच ही चारही साधने एकाच विनोदकाराने इतक्या सहजतेने हाताळावी, असे उदाहरण विरळा. ते 2000 साली पुण्यास निवर्तले.

परंतु पु. लं.ची चाळ मुंबईची होती. आपल्या मराठवाड्याच्या माणसांस याच मार्गाने रंगमंचावर आणण्याचे श्रेय प्रामुख्याने दुसऱ्या एका देशपांड्यांकडे जाते. ते म्हणजे डॉ. लक्ष्मण देशपांडे. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे त्या वेळचे औरंगाबाद, येथील मराठवाडा विद्यापीठात ते नाट्यशास्त्राचे अध्यापक होते व पुढे त्या विभागाचे प्रमुखही झाले. 'वऱ्हाड निघालंय लंडनला' हा त्यांचा एकपात्री प्रयोग 1979 साली रंगमंचावर आला. येथे वऱ्हाड म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या उत्तरेकडील प्रांत नव्हे, तर लग्नाची मंडळी होय, हे बालवाचकांनी ध्यानात घ्यावे. मराठवाड्यातील एका खेड्यातील मंडळी लग्नासाठी थेट लंडनला निघतात, एवढेच या कथेचे सूत्र. परंतु या एका सूत्रात बावन्न व्यक्ती ओविलेल्या आहेत. त्यांत घरातील वडीलधारे आहेत, पोरेटोरे आहेत, रुसणारे आहेत आणि मानपानासाठी अडून बसणारेही आहेत. सुमारे तीन तास हा सारा गोतावळा एकटे लक्ष्मणराव सांभाळीत. त्यांनी देशोदेशी मिळून हजाराहून कितीतरी अधिक प्रयोग केले आणि गिनीज बुकाने त्याची नोंद घेतली. 2009 साली ते कालवश झाले. तदनंतर संदीप पाठक या नटाने हे वऱ्हाड पुन्हा रंगमंचावर आणिले.

आता प्रश्न असा की, एक माणूस बावन्न माणसे होतो तरी कसा? वेषांतर करण्यास त्यास अवकाश नसतो. त्याची पहिली युक्ती नजरेची. लहान मुलाच्या भूमिकेत असता तो वर पाहून बोलतो. त्याच मुलास आजोबा उत्तर देतात तेव्हा तो खाली पाहतो. एवढ्यानेच दोघांची उंची प्रेक्षकांस कळते. प्रत्येक पात्राची जागाही तो मनाशी ठरवून ठेवितो. उजवीकडे बसलेली मावशी पुढच्या प्रवेशात चुकून डावीकडे गेली, तर प्रेक्षक गोंधळलाच म्हणून समजावे. दुसरी युक्ती आवाजाची. येथे आवाज बारीक वा जाड करणे पुरेसे नसते. कोणी शब्द गिळतो, कोणी शेवटचे अक्षर लांबवितो, कोणी प्रत्येक वाक्याआधी खाकरतो. माणूस ओळखू येतो तो अशा लकबींनी. तिसरी युक्ती नावाची. नवे पात्र येताच दुसरे कोणी त्यास हाक मारते आणि ओळख करून देण्याचे काम परस्पर उरकते. चौथी आणि सर्वांत कठीण युक्ती थांबण्याची. हशा उसळला असता नट बोलत राहिला तर त्याचे शब्द वाया जातात. हशा पुरता ओसरेपर्यंत थांबला तर रंग उतरतो. हशा ओसरू लागतो त्या नेमक्या क्षणी पुढील वाक्य यावे लागते. ही जाण पुस्तकांतून येत नाही. प्रयोगामागून प्रयोग करून ती अंगी बाणते.

इंग्लंडातही एकटा विनोदकार ध्वनिक्षेपकापुढे उभा राहून श्रोत्यांस हसवितो. तेथे त्यास स्टँड-अप म्हणतात, आणि हा शब्द आता आपल्या शहरांतही रूढ झाला आहे. 1971 साली स्टॅफर्ड येथे जन्मलेले डेव्ह गोरमन हे या प्रकारातील एक ठळक नाव. त्यांनी मित्राशी पैज लावून आपल्याच नावाची माणसे शोधीत प्रवास केला आणि त्या शोधाची हकिगत रंगमंचावर, दूरचित्रवाणीवर व पुस्तकातही सांगितली. पाठीमागच्या पडद्यावर छायाचित्रे, आकडे व आलेख दाखवीत बोलणे ही त्यांची खास रीत होय. त्यांस पडद्यावर चित्र दाखवावे लागते; आमचे लक्ष्मणराव ते प्रेक्षकांच्या मनात काढीत. साधने निराळी, परंतु मूळ भांडवल एकच. दोघांनीही आपल्या अवतीभवतीचे जग इतरांहून अधिक बारकाईने पाहिले.

येथे आम्ही त्या पालकांच्या प्रश्नाकडे वळतो. लक्ष्मणराव विद्यापीठातील विद्वान गृहस्थ होते. प्रमाण मराठी त्यांस उत्तम अवगत होती. तरीही आपल्या माणसांस त्यांनी मराठवाड्याच्या बोलीतच बोलू दिले. त्या मंडळींच्या तोंडी पुस्तकी भाषा घातली असती, तर बावन्नांपैकी एकही माणूस जिवंत झाला नसता. ज्या बोलीस घरी लाजावे असे आपण मानितो, तीच बोली पुण्यामुंबईच्या नाट्यगृहांत आणि परदेशांतील मराठी मंडळींत डोक्यावर घेतली गेली.

या ठिकाणी आम्हांस एक कबुली द्यावयाची आहे. अध्यापनास आरंभ केला त्या काळी वर्गात एका मुलाने वाचताना "मव्हं पुस्तक" असे शब्द उच्चारिले. आम्ही त्यास उभे ठेवून सर्व वर्गादेखत "माझे" हा शब्द दहा वेळा म्हणावयास लाविला. वर्ग हसला, आम्हीही हसलो. त्यानंतर वर्षभर तो मुलगा आपण होऊन एकदाही वाचावयास उठला नाही. त्याचा शब्द आम्ही सुधारिला, पण त्याचे तोंड बंद केले. शुभवर्तमानात पेत्राची कथा आहे. प्रमुख याजकाच्या अंगणात लोकांनी त्यास त्याच्या बोलण्यावरून गालीली म्हणून ओळखिले, आणि भयाने त्याने आपल्या गुरूसच नाकारिले. त्या कथेवर आम्ही अनेकदा प्रवचन ऐकिले होते. परंतु मुलाची बोली ओळखून त्यास हसणाऱ्या त्या अंगणातील लोकांत आपणही उभे होतो, हे आमच्या ध्यानी फार उशिरा आले.

याचा अर्थ प्रमाण भाषा शिकू नये असा कोणी काढू नये. परीक्षा, अर्ज, न्यायालय व ग्रंथ यांचे दार तिनेच उघडते आणि ती शिकविणे हे आमचे कर्तव्यच आहे. परंतु नवे वस्त्र मिळाले म्हणून आईने शिवलेली गोधडी कोणी उकिरड्यावर फेकीत नाही. "काहून" कोठे म्हणावे आणि "का" कोठे लिहावे, हे ज्यास कळते त्याच्यापाशी एकीच्या जागी दोन भाषा असतात.

विद्यार्थ्यांसही एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. नक्कल दोन प्रकारची असते. लंगड्याचे चालणे, तोतऱ्याचे बोलणे वा गरिबाचे फाटके वस्त्र यांवर हशा पिकविणे सोपे आहे; त्यात कला नाही आणि दयाही नाही. लंडनला निघालेल्या त्या वऱ्हाडास विमान ठाऊक नव्हते म्हणून आपण हसतो खरे. परंतु त्यांचा आपसातील जिव्हाळा व मानीपणा पाहून ती माणसे आपल्याच घरची वाटू लागतात. कसोटी एकच आहे. ज्याची नक्कल केली तो माणूस पहिल्या रांगेत बसला असता तोही हसेल काय?

असो. आमच्या त्या नववीच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत या कसोटीचा निकाल त्याच सायंकाळी लागला होता. त्याने जिची नक्कल केली ती यात्रेकरू म्हातारी म्हणजे दुसरी कोणी नसून त्याची आजी होती, आणि ती मंडपात दुसऱ्याच रांगेत बसली होती. पदराने डोळे पुशीत ती शेजारणीस अभिमानाने सांगत होती, "मव्हा नातू हाय त्यो!" त्या वाक्यातील एकही शब्द सुधारावा असे आम्हांस वाटले नाही.