आराम की पकड? एका जुन्या स्पोर्ट्स मोटारीचे सस्पेन्शन

इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथील कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात ‘एमजीबी’ नावाची छोटी स्पोर्ट्स मोटार तयार होत असे. या अठरा वर्षांत पाच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या आणि त्यांतल्या पुष्कळ हौशी मंडळींनी आजही चालत्या ठेवल्या आहेत. अशा गाडीच्या मालकापुढे केव्हा ना केव्हा एक प्रश्न उभा राहतो. गाडी वळणावर फार कलते, खड्ड्यावरून गेली की उसळत राहते. तेव्हा तिचे सस्पेन्शन सुधारावे का, आणि सुधारायचे तर नेमके काय बदलावे?

बाजारात कडक स्प्रिंगा, जाड दांड्या, नवे शॉक ॲब्सॉर्बर असे सारे काही तयार मिळते. उत्साही मालक सगळ्यांत कडक ते निवडतो. गाडी आता कलत नाही, पण ओबडधोबड रस्त्यावरच्या वळणात ती टणाटण उडू लागते. हाडे खिळखिळी होतात ती वेगळीच. ‘आराम थोडा सोडला की पकड तेवढी वाढते’ असा सर्वसाधारण समज आहे. तो कितपत खरा आहे, हे तपासण्यासाठी दहावी-बारावीचे भौतिकशास्त्र पुरेसे आहे.

स्प्रिंगमध्ये दडलेला लंबक

गाडीच्या वजनाने स्प्रिंग काही अंतर दबलेली असते. हूकच्या नियमानुसार हे अंतर म्हणजे भार भागिले स्प्रिंगचा ताठपणा. स्प्रिंगवर टेकलेल्या वस्तुमानाच्या आंदोलनाचे सूत्र घेऊन त्यात हे अंतर घातले, तर एक गमतीदार निष्कर्ष निघतो. वस्तुमान आणि ताठपणा ही दोन्ही नाहीशी होतात आणि उरते ते साध्या लंबकाचे सूत्र! स्प्रिंग जितकी दबली असेल तितक्या लांबीच्या लंबकाचा जो आवर्तकाल, तोच गाडीच्या वरखाली हलण्याचा आवर्तकाल.

त्यामुळे हिशेब तोंडी करता येतो. स्प्रिंग २५ सें.मी. दबली असेल तर आवर्तकाल जवळजवळ १ सेकंद, म्हणजे वारंवारता १ हर्ट्झ. ११ सें.मी. दबली असेल तर वारंवारता सुमारे १.५ हर्ट्झ आणि सव्वासहा सें.मी. असेल तर २ हर्ट्झ. साधारण प्रवासी गाड्यांची वारंवारता १ ते १.५ हर्ट्झच्या आसपास असते. आपण चालताना आपले शरीर साधारण दीड ते दोन हर्ट्झने वरखाली होत असते, त्यामुळे अशी मंद हालचाल आपल्याला खुपत नाही. याउलट ४ ते ८ हर्ट्झच्या उभ्या कंपनांना बसलेला माणूस सर्वांत संवेदनशील असतो. स्प्रिंग जसजशी कडक होते तसतसा रस्त्याचा खडबडीतपणा या पट्ट्यात अधिकाधिक झिरपू लागतो.

येथे विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारावा : स्प्रिंगचा ताठपणा दुप्पट केला तर वारंवारता किती पट होईल? दुप्पट नव्हे, दोनच्या वर्गमुळाइतकी, म्हणजे १.४ पट.

नाव फसवे आहे

‘शॉक ॲब्सॉर्बर’ हे नाव दिशाभूल करणारे आहे. धक्का झेलते ती स्प्रिंग. शॉक ॲब्सॉर्बरचे काम स्प्रिंगमध्ये साठलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपाने घालवण्याचे, म्हणजे अवमंदनाचे. बारीक छिद्रांतून आणि झडपांतून तेल रेटले जाते, तेल तापते, आंदोलन थांबते.

अवमंदन किती असावे? ज्या अवमंदनाला गाडी एकदाही पलीकडे न जाता जास्तीत जास्त लवकर मूळ जागी येते, त्याला क्रांतिक अवमंदन म्हणतात. रस्त्यावरच्या गाड्यांत त्याच्या साधारण २० ते ४० टक्के अवमंदन ठेवतात. ३० टक्के असेल तर दाबून सोडलेली गाडी मूळ जागेच्या पलीकडे सुमारे ३७ टक्के जाते आणि मग झटपट स्थिरावते. त्याहून फार जास्त अवमंदन ठेवले तर रस्त्यातल्या लहान, जलद खाचखळग्यांना स्प्रिंग दाद देऊ शकत नाही; ते सरळ माणसाच्या पाठीत जातात.

आता कडक स्प्रिंगांच्या फसगतीचे कारण कळेल. अवमंदनाचे हे प्रमाण ताठपणाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. स्प्रिंग दुप्पट ताठ केली आणि शॉक ॲब्सॉर्बर तेच ठेवले, तर ३० टक्क्यांचे २१ टक्के होतात. गाडी कडक होते आणि त्याबरोबरच जास्त उसळतेही. उसळणाऱ्या चाकावरचा भार सारखा कमीजास्त होतो आणि भार कमी झाल्या क्षणी टायरची पकडही कमी होते. म्हणजे आराम गेला आणि पकडही गेली.

वळणावर काय घडते?

वळताना टायरच्या घर्षणातून अभिकेंद्री बल मिळते. हे बल जमिनीपाशी लागते, तर गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून वर असतो. त्यामुळे वळणाच्या आतल्या चाकांवरचा भार कमी होतो आणि बाहेरच्या चाकांवरचा तितकाच वाढतो. सोयीसाठी गाडीचे वजन १००० किलो, गुरुत्वमध्याची उंची ५० सें.मी. आणि डाव्या-उजव्या चाकांतील अंतर १२५ सें.मी. धरू. एमजीबीचे आकडे याच्या जवळपासच आहेत. वळणावरचे त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या निम्मे असेल, तर सरकणारा भार = १००० × ०.५ × ५० ÷ १२५ = २०० किलो.

या सूत्रात स्प्रिंग कुठेच नाही, हे ध्यानात घ्यावे. स्प्रिंग कितीही कडक केली तरी जवळजवळ तेवढाच भार सरकणार. कडक स्प्रिंगेने गाडीचे कलणे कमी होते. भाराचे सरकणे कमी होत नाही. ते कमी करायचे तर गुरुत्वमध्य खाली आणायचा किंवा चाकांतील अंतर वाढवायचे.

भार सरकल्याने बिघडते काय? टायरची पकड भाराच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. समजण्यापुरते काल्पनिक आकडे घेऊ. २५० किलो भाराखाली एक टायर २५० किलोइतके आडवे बल देतो; ३५० किलोखाली ३२० देतो आणि १५० किलोखाली १६० देतो. आधी जोडीची पकड ५०० होती, आता ती ४८० झाली. बाहेरच्या टायरने जितके कमावले त्याहून आतल्याने जास्त गमावले.

सस्पेन्शन येथे एक मोठे काम करते. सरकणाऱ्या २०० किलोंपैकी पुढच्या चाकांच्या जोडीने किती घ्यायचे आणि मागच्या जोडीने किती, हे ते ठरवते. ज्या टोकाचा कलण्याला विरोध जास्त, त्या टोकाला भार जास्त सरकतो आणि पकड तिथे जास्त घटते. पुढची पकड आधी सुटली तर गाडी वळणाबाहेर सरळ जाऊ पाहते. चालकाने वेग कमी केला की ती बहुधा सावरते. मागची आधी सुटली तर शेपूट बाहेर फेकले जाते आणि नवख्या चालकाला ते आवरत नाही.

१९७४ चा धडा

एमजीबीच्या इतिहासातच याचा नमुना सापडतो. अमेरिकेतील बंपर आणि दिव्यांच्या उंचीविषयीच्या नियमांत बसण्यासाठी १९७४ च्या उत्तरार्धात या गाडीला काळे, जड बंपर बसवले गेले आणि ती इंच-दीड इंचाने उंच केली गेली. त्याच सुमारास पुढचा अँटीरोल बारही काढून टाकण्यात आला.

अँटीरोल बार म्हणजे डाव्या आणि उजव्या चाकाला जोडणारी पोलादी दांडी. दोन्ही चाके एकदम वर गेली तर ती नुसती फिरते. एक वर आणि एक खाली गेले तर तिला पीळ बसतो आणि ती कलण्याला विरोध करते. ती पुढून काढल्यावर गाडी जास्त कलू लागली आणि सरकणाऱ्या भाराचा मोठा वाटा मागे गेला. मागच्या बाजूला दोन्ही चाके जोडणारा अखंड आस कमानपाट्यांवर बसवलेला होता. गाडी कलली की एका बाजूचा पाटा सरळ होतो, दुसऱ्या बाजूचा अधिक वाकतो आणि आस किंचित तिरपा होतो. वाढलेल्या उंचीने हा दोषही वाढवला. गाडीच्या वळण्यावर बरीच टीका झाली. अखेर १९७७ च्या मॉडेलपासून पुढे आणि मागे दोन्हीकडे अँटीरोल बार देण्यात आले.

याउलट उदाहरण १९६२ मध्येच बाजारात आलेल्या ‘लोटस एलान’चे. कॉलिन चॅपमन यांच्या या गाडीच्या स्प्रिंगा मऊ आणि चाकांना वरखाली व्हायला वाव भरपूर. तिचे वजन ७०० किलोपेक्षा कमी होते, गुरुत्वमध्य खाली होता आणि प्रत्येक चाक स्वतंत्रपणे हलत असे. आरामदायी आणि तरीही वळणात पक्की, अशी तिची ख्याती झाली. आराम आणि पकड ही एकाच तराजूची दोन पारडी नव्हेत, याचा हा पुरावा.

मग बदलावे काय, आणि कोणत्या क्रमाने?

पहिली पायरी सुधारणेची नाही, दुरुस्तीची आहे. टायर जुने होऊन कडक झाले असतील तर ते बदलावेत आणि हवेचा दाब नीट ठेवावा. थकून सपाट झालेले कमानपाटे आणि पिचलेले रबरी बुश नवे घालावेत. एवढ्यानेच निम्म्या तक्रारी मिटतात.

दुसरी पायरी शॉक ॲब्सॉर्बरची. एमजीबीत हे दंडाचे, म्हणजे ‘लिव्हर’ प्रकारचे असतात आणि जुने झाले की तेल गळते. पुढच्या बाजूला याच शॉक ॲब्सॉर्बरचा दंड चाक धरून ठेवणारा वरचा आर्म म्हणूनही काम करतो. त्यामुळे पुढे ते चांगले दुरुस्त करून घेणे सोपे. मागे मात्र नळीच्या आकाराचे आधुनिक शॉक ॲब्सॉर्बर बसवण्याची सोय करता येते.

तिसरी पायरी बुशांची. १९७३ ते १९७६ मध्ये निघालेल्या ‘एमजीबी जीटी व्ही-८’ या मॉडेलमध्ये पुढच्या खालच्या आर्मसाठी धातूची नळी असलेले रबरी बुश होते. ते साध्या एमजीबीलाही बसतात. चाकाची दिशा त्याने पक्की राहते आणि आरामात फारशी घट होत नाही. पॉलियुरेथेनचे बुश आणखी कडक असतात, पण त्यांतून आवाज आणि थरथर अधिक येते.

चौथी पायरी पुढच्या अँटीरोल बारची. पिळाला होणारा विरोध दांडीच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. व्यास १४ मि.मी.वरून १६ मि.मी. केला तर ताठपणा सुमारे ७० टक्क्यांनी वाढतो! म्हणून येथे ‘थोडे जाड’ पुरते. फार जाड दांडी एका चाकाचा धक्का दुसऱ्याला पोचवते आणि खराब रस्त्यावर प्रवाशाचे डोके डावी-उजवीकडे हिंदकळते.

स्प्रिंगांना हात सगळ्यांत शेवटी आणि बेताने लावावा. गाडी खाली आणण्यासाठी स्प्रिंगचे वेढे कापण्याचा उद्योग तर करूच नये. आठ वेढ्यांतला एक कापला की ताठपणा सुमारे १४ टक्क्यांनी वाढतो आणि चाकाला वर जायला जागा कमी उरते. ती जागा संपून चाक रबरी थांब्यावर आदळले, की त्या क्षणापुरती स्प्रिंग जणू उरतच नाही. वळणात हे घडले तर पकड एकाएकी सुटते. एका वेळी एकच बदल करावा, त्याच रस्त्यावर गाडी चालवून पाहावी आणि काढलेले मूळ भाग जपून ठेवावेत. जुन्या गाडीचे मोल त्यांतही असते.

वर्गात करून पाहा

एक मऊ स्प्रिंग टांगून तिला वजन लावा. ती किती सें.मी. ताणली ते मोजा आणि तेवढ्याच लांबीचा दोऱ्याचा लंबक शेजारी टांगा. दोघांना एकदम सोडा. स्प्रिंगला मूळचा ताण नसेल आणि लावलेल्या वजनापुढे तिचे स्वतःचे वजन थोडे असेल, तर दोन्ही जवळजवळ एकाच ठेक्यात हलतील. मग ते वजन पाण्याच्या भांड्यात बुडवून प्रयोग पुन्हा करा आणि किती आंदोलनांत ते थांबते ते मोजा. पाण्याऐवजी गोडे तेल घेतले तर काय होईल, याचा अंदाज विद्यार्थ्यांना आधी लिहून ठेवायला सांगावा.