अण्णांचं भिंग, माझा कॅमेरा

फोटोची हौस असलेलं कुणी ना कुणी प्रत्येकाच्या घरात होऊन गेलेलं असतं. सासरे, मामा, एखादे काका. त्यांचा जुना कॅमेरा लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात, चामड्याच्या पेटीत पडून असतो. रोल घालून वापरायचा म्हटलं तर ते परवडत नाही आणि आठवण म्हणून टाकवतही नाही. मैत्रिणींनो, तो भंगारात देण्याआधी एक करा. पुढचं भिंग, म्हणजे लेन्स, फिरवून सुटी होते का ते बघा. होत असेल, तर कॅमेरा भले म्हातारा झालेला असो, लेन्स कदाचित अजून कमावती आहे.

हे मी ऐकीव सांगत नाही. गेली तीन वर्षं माझं निम्मं काम अशा एका लेन्सवर चाललंय.

कर्जतला दहिवलीच्या बाजूला आमचं छोटं दुकान आहे. माझ्या सासऱ्यांनी, अण्णांनी, ते फोटो स्टुडिओ म्हणून सुरू केलं. आता बोर्डावर 'फोटो' बारीक आणि 'झेरॉक्स' मोठं. मोबाइल आले आणि फोटोचं गिऱ्हाईक आटलं. यजमान खोपोलीला कारखान्यात. मी दुकान सांभाळता सांभाळता एक वापरलेला कॅनन घेतला, ११००डी, आणि बारशी, डोहाळजेवणं, हळदी असे बायकांचे कार्यक्रम धरले. फोटो काढणारी बाई असली की बायका मोकळ्या हसतात. माझं भांडवल तेवढंच.

अडचण होती अंधाराची. खालापूरकडच्या वाड्यांवर, चौकच्या आतल्या गावांत बारसं असतं ते माजघरात. एक खिडकी, एक बल्ब आणि पाळण्याभोवती वीस बायका. कॅमेऱ्यासोबत मिळालेली लेन्स अशा उजेडात हात टेकते. फ्लॅश मारला की बाळ दचकून रडतं, आणि आजीबाई डोळे वटारतात. एका घरी तर स्पष्टच ऐकवलं, "पुढच्या वेळी मुंबईहून कुणाला तरी बोलवू." एक घर गेलं की त्याच्या भावकीतली चार घरं जातात, हे गावात वेगळं सांगायला नको. अंधारात चालणारी चांगली नवी लेन्स घ्यायची, तर लेकीची अकरावीची फी बाजूला ठेवावी लागली असती.

अण्णांच्या पेटीत रशियन झेनिट कॅमेरा होता. त्यावर हेलिओस ४४-२ ही लेन्स, ५८ मिलीमीटरची. तिच्या कडेवर २ हा आकडा कोरलेला. आता हा आकडा म्हणजे काय? लेन्सचं दार किती उघडतं त्याचं ते माप; आकडा जितका लहान, तितकं दार मोठं. माझ्या लेन्सचं दार ५५ मिलीमीटरला ५.६ पर्यंतच उघडायचं. हिशेब केला तर जुनी लेन्स जवळजवळ आठपट उजेड आत घेते. आठपट! माजघरातल्या बल्बला आणखी सात बल्बांची सोबत मिळाल्यासारखंच की.

पण झेनिटची लेन्स कॅननवर बसेल कशी? झेनिटची आटे पाडलेली, बरणीच्या झाकणासारखी फिरवून बसते. कॅननची खटका लावून बसते. दोघींच्या मध्ये एक धातूची चकती लागते, तिला अ‍ॅडॅप्टर म्हणतात. मी कर्जतहून लोकल धरून सीएसएमटीला उतरले आणि फोर्टातल्या बोरा बाजारात ती घेतली. आठशे रुपये. नुसती कडी, आत काच नाही, काही नाही.

सगळी गंमत आहे ती अंतराची. लहानपणी भिंगाने कागद जाळलाय ना? भिंग जरा वरखाली झालं तर ठिपका पसरतो आणि कागद तापत नाही. कॅमेऱ्यातही लेन्सची बैठक फिल्मपासून किंवा सेन्सरपासून ठरावीक अंतरावर असावी लागते आणि प्रत्येक कंपनीने हे अंतर वेगळं ठेवलं. झेनिटच्या आट्यांच्या बैठकीचं ४५.४६ मिलीमीटर, कॅननचं ४४. म्हणजे दीड मिलीमीटर जागा उरते. त्या फटीत चकती बसते आणि अंतर बरोबर जमतं. निकॉनचं अंतर ४६.५. तिथे उलट एक मिलीमीटर कमी पडतो. त्यामुळे साध्या चकतीने हेलिओस निकॉनवर लावली तर जवळचं नीट दिसतं, लांबचा डोंगर कायम धूसर. मध्ये जादा काच असलेले अ‍ॅडॅप्टर मिळतात, पण चांगल्या लेन्सपुढे हलकी काच कशाला लावायची? निकॉनवाल्यांनी जुन्या निकॉनच्याच लेन्स शोधाव्यात. १९५९ पासून त्यांची बैठक तीच आहे. मात्र १९७७ च्या आधीची लेन्स काही नव्या कॅमेऱ्यांना इजा करू शकते, ती आधी जाणकाराला दाखवा.

पेटीत कॅननचीच एक जुनी एफडी लेन्स होती. मला वाटलं, घरचीच आहे, ही तर पटकन बसेल. कसली बसतेय! १९८७ मध्ये कॅननने बैठक पूर्ण बदलली. एफडीचं अंतर ४२, ते आमच्या ४४ मध्ये मावत नाही. सख्खी बहीण परकी आणि रशियन पाहुणी घरची!

तशी ही पाहुणी मूळची जर्मन. येना गावच्या झाइसची बायोटार नावाची लेन्स होती, तिच्या आराखड्यावर महायुद्धानंतर मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात हेलिओस बनल्या. ती ४२ मिलीमीटरची आट्यांची बैठकही जर्मनीचीच, १९४९ च्या कॉन्टॅक्स एस कॅमेऱ्यावरची. पुढे प्राक्टिका, पेंटॅक्स अशा कितीतरी जणांनी ती उचलली. म्हणून या बैठकीच्या लेन्स आजही जुन्या बाजारात सापडतात.

अण्णांना मात्र हे पटेना. काचबिंदूने त्यांची नजर बरीच गेली आहे. त्यात एका गिऱ्हाइकाने सगळी पेटी उचलायची तयारी दाखवली होती आणि आईंना ते पैसे औषधांसाठी हवे होते. अण्णा म्हणाले, "विकायची तर विका, पण वेड्यावाकड्या जागी लावून तिची चेष्टा करू नका." मी म्हटलं, "एक सीझन द्या मला. नाही जमलं तर तुम्ही सांगाल त्याला देऊ." ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पेटीची किल्ली देवघरात ठेवलेली दिसली.

ही लेन्स वापरायची म्हणजे सगळं हाताने. तिला वीज नाही, मोटर नाही. कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाराचा आकडा नुसता '००' दिसतो, कारण पुढे कोण बसलंय हे त्याला कळतच नाही. हेलिओसला दाराच्या दोन कड्या आहेत. एकीने किती मिटायचं ते ठरवायचं, दुसरीने उघडझाप करायची. पूर्ण उघडं ठेवून फोकस करायचा आणि मग मिटायचं. मागच्या पडद्यावर चित्र दहापट मोठं करता येतं, त्यात बाळाच्या पापण्या दिसल्या की बटण दाबायचं. पण बाळ थोडंच थांबतंय?

इथे अण्णांची विद्या कामी आली. लेन्सवर अंतराचे आकडे असतात. ते म्हणाले, "डोळ्याने नको शोधूस. अंतर धर आणि तू पुढेमागे हो." त्यांनी मला दुकानात उभं करून, टेपने मोजून, एक मीटर, दीड मीटर असं पायाला शिकवलं. स्वतः स्टुलावर बसून कडी फिरवायचे आणि नुसत्या बोटांनी सांगायचे, "आता दीडवर आली." होमाई व्यारावाला जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या. स्पीड ग्राफिकसारखा जड कॅमेरा घेऊन त्यांनी वृत्तपत्रांसाठी फोटो काढले, तेही हातानेच फोकस करून. मग बारशाचं आपल्याला का जमू नये?

फोटो कसे येतात? माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान असल्याने ५८ चं चित्र साधारण ९३ मिलीमीटरच्या लेन्सइतकं जवळचं येतं, चेहऱ्यासाठी अगदी छान. मागचे दिवे, पानं गोल गोल भोवऱ्यासारखी फिरल्यागत दिसतात. काहींना तो दोष वाटतो, आमच्याकडच्या बायकांना आवडतो. लांबच्या ग्रुप फोटोला मात्र मी ही लेन्स काढून ठेवते. माजघरात मागे सरकायला जागा कुठली?

आणि आता आपल्याकडचा खरा शत्रू. आमच्या भागातला पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. जून ते सप्टेंबर पापड, पुस्तकं, सगळं सादळतं. लेन्सच्या आत बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी. जुनी लेन्स घेताना मागून टॉर्च मारून आरपार बघा. जाळी थोडी असेल तर कारागीर साफ करतो, पण काचेवरचा लेप खाल्ला गेला असेल तर तो परत येत नाही. चामड्याच्या पेटीत तर ठेवूच नका, चामडं ओल धरतं. आमची लेन्स घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात असते, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. निळे दाणे गुलाबी झाले की मंद तव्यावर कोरडे करून घ्यायचे. आणि लेन्स लावलेला कॅमेरा उन्हाकडे तोंड करून ठेवायचा नाही. मघाशी कागद जळाला तो आठवा.

२०१८ पासून कॅनन आणि निकॉन दोघांनीही त्यांच्या मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यांत आरसा नसलेले प्रकार आणले आहेत. त्यांच्यात बैठकीचं अंतर २० आणि १६ मिलीमीटर इतकंच. मग त्यांच्यावर ती रुसलेली एफडीसुद्धा बसते. मला तो कॅमेरा सध्या झेपणारा नाही. पण एफडी विकायची नाही, असं या वेळी आईच म्हणाल्या. पहिल्या सीझनच्या पैशांतून अण्णांच्या डोळ्यांच्या थेंबांचा वर्षाचा खर्च निघाला होता. पेटी मागणाऱ्या गृहस्थांना निरोप दिलाय, झेनिटचा रिकामा कॅमेरा हवा असेल तर घेऊन जा.