गाडीचं 'रनिंग' खरं किती? ओडोमीटरचा आकडा येतो कुठून, आणि तो ताडून कसा बघायचा
कोल्हापुरात जुनी गाडी बघायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला: "रनिंग किती?" किंमत त्यावर ठरते, आणि क्लच, सस्पेन्शन, टायमिंग बेल्ट अजून किती चालतील याचा अंदाजही. म्हणून या आकड्यामागं काय चालतं ते बघू.

ओडोमीटर खरं तर अंतर मोजतच नाही, तो चाकाचे फेरे मोजतो. १८५/६५ आर १५ मापाचा टायर घ्या. त्याचा घेर साधारण १.९५ मीटर, म्हणजे एका किलोमीटरला सुमारे ५१२ फेरे. टायर सहा मिलिमीटर झिजला की घेर दोनेक टक्क्यांनी कमी होतो आणि तेवढ्याच रस्त्याला फेरे जास्त पडतात. कोल्हापूर-पुणे २३० किलोमीटरला मीटर चार-साडेचार किलोमीटर जास्त दाखवेल. ही फसवणूक नव्हे, मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे.

जुन्या मोटरसायकलींत पुढच्या चाकातून केबल यायची आणि दातेरी चाकांवर आकड्यांची चकती फिरायची. केबल तुटली की मीटर बंद, गाडी मात्र चालूच! अशी केबल वर्ष-वर्ष न बदलणारे आपल्याकडं काही कमी नाहीत. आजच्या गाडीत चाकाजवळचा किंवा गिअरबॉक्सवरचा सेन्सर विजेचे ठोके पाठवतो, ते मोजले जातात आणि एकूण आकडा मीटरमधल्या मेमरी चिपमध्ये साठतो. बॅटरी काढली तरी तो पुसला जात नाही.

पण बदलता येतो. डिजिटल मीटर मागं घेता येत नाही, हा गैरसमज आहे. योग्य उपकरण असेल तर चिपमधला आकडा पुन्हा लिहिता येतो. काही गाड्यांत हाच आकडा दुसऱ्या कंट्रोल युनिटमध्येही साठतो, तिथं विसंगती सापडू शकते. पण सगळ्याच गाड्यांत तशी सोय नसते. शिवाय मीटर खराब होऊन नवीन बसवलं तर मोजणी शून्यापासून सुरू होऊ शकते. त्यामुळं मीटर बदलल्याचं बिल आहे का, हे विचाराच.

बेल्जियममध्ये २००६ पासून 'कार-पास' आहे. गॅरेजवाले प्रत्येक कामाच्या वेळचं रीडिंग मध्यवर्ती नोंदीत पाठवतात आणि विकताना तो दाखला द्यावाच लागतो. आपल्या आरसीवर मात्र चेसिस नंबर, इंजिन नंबर, इंधन सगळं असतं, किलोमीटरचा रकाना नाही. गाडी एमएच-०९ पासिंगची आहे, एवढंच ती सांगते. म्हणून तारीख आणि रीडिंग एकत्र असलेले कागद आपणच जमवायचे.

सगळ्यात भक्कम पुरावा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधली हिस्ट्री. ती मालकालाच मिळते असं ऐकवलं तर मालकाला सोबत न्या. बाहेरच्या गॅरेजला काम झालं असेल तर बिलं बघा, बॉनेटखाली किंवा दाराच्या कडेला ऑइल बदलल्याचं स्टिकर शोधा. टायरवरचे चार आकडेही वाचा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. गाडी २०१८ ची, रनिंग २५ हजार, आणि चारही टायर २०२२ चे? मग पहिले टायर एवढ्यात का गेले, ते विचारा. पेडलचं रबर, स्टिअरिंगची चमक मी बघतो, पण त्यावर फार विसंबत नाही. पाचशे रुपयांचं कव्हर सगळं झाकतं.

माझा आवडता साक्षीदार मात्र फास्टॅग. फेब्रुवारी २०२१ पासून तो सक्तीचा आहे आणि आपला हायवे त्याला सोयीचा आहे. पुण्याला जाताना किणी, तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर असे चार टोल, येताना परत चार. मालकाला मोबाइलवर स्टेटमेंट दाखवायला सांगा. दर आठवड्याला एक पुणे फेरी दिसली, तर ४६० गुणिले ५० म्हणजे वर्षाला २३ हजार. तीन वर्षांत ६९ हजार. मीटरवर ४० असतील तर हिशेब कुठंतरी चुकतोय. उलटं मात्र खरं नाही: टोल कमी म्हणून रनिंग कमी असं होत नाही. शिरोली एमआयडीसीला रोज जाणाऱ्या गाडीला एकही टोल लागत नाही.

विम्यातही आता रीडिंगला भाव आलाय. जुलै २०२२ मध्ये आयआरडीएआयनं 'जेवढी चालवाल तेवढा हप्ता' अशा प्रकारच्या जोडविम्याला परवानगी दिली. असा विमा घ्यायचा असेल, तर सुरुवातीचा आकडा चोख हवा.

व्यवहार ठरला की विक्रीच्या कागदावर तारीख, वेळ आणि त्या क्षणाचं रीडिंग लिहून दोघांच्या सह्या घ्या, मीटरचा फोटो काढून ठेवा. "मीटरची ग्यारंटी नाही" असं म्हणत विकणारा सहीला तयार नसेल, तर मी त्या गाडीची किंमत विचारायच्याही फंदात पडत नाही.