कोंडिविट्याचे देऊळ

अंधेरी पूर्वेला सीप्झ या निर्यात वसाहतीच्या कुंपणाआड, दागिन्यांचे कारखाने आणि सॉफ्टवेअर कंपन्यांच्या इमारतींमध्ये एक बिनछपराचे दगडी चर्च उभे आहे. दर्शनी भिंत आणि तिच्यातल्या कमानी अजून ओळखू येतात. बाजूच्या भिंतींवर झाडे उगवली आहेत. कोंडिविटे गावचे हे संत योहान बाप्तिस्ता चर्च येशूसंघाच्या, म्हणजे जेझुइट पंथाच्या, पाद्र्यांनी १५७९ मध्ये बांधले. वांद्र्याच्या सेंट अँड्र्यूज चर्चचा आरंभ १५७५ चा, म्हणजे दोन्ही एकाच दशकातली. वांद्र्याचे चर्च आजही गजबजलेले असते. कोंडिविट्याचे गेली पावणेदोनशेहून अधिक वर्षे ओस आहे, पण त्याचा धर्मग्राम (पॅरिश) मोडला नाही. तो उठून मरोळला गेला.

कोंडिविटे ज्या बेटावर आहे त्या साष्टीचे नाव सहासष्ट गावांवरून पडले असे मानतात. (गोव्यातही एक साष्टी आहे, तीही सहासष्ट गावांचीच, त्यामुळे जुन्या कागदपत्रांत दोन्हींची गल्लत होते.) मुंबईच्या उत्तरेचे हे बेट गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने डिसेंबर १५३४ च्या तहाने वसईसह पोर्तुगीजांना दिले. किनाऱ्यावर ख्रिस्ती धर्म मात्र त्याच्या बराच आधी येऊन गेला होता. ठाण्याला १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले आणि ती हकीकत प्रवाशांच्या वृत्तांतांतून युरोपात पोहोचली. पण गावोगाव चर्च उभी राहिली ती पोर्तुगीज अमलात. आधी फ्रान्सिस्कन आले, त्यांनी बोरिवलीजवळ मंडपेश्वराची लेणी ताब्यात घेऊन तिथे चर्च आणि मठ केला. मागाहून जेझुइट आले आणि वांद्रे, कोंडिविटे हा पट्टा त्यांच्याकडे गेला. धर्मांतरात राज्यसत्तेचा हात उघड होता आणि अनेक देवळे त्यात पडली, हे या इतिहासातून वगळता येत नाही.

गावाचे चर्च म्हणजे नुसती प्रार्थनेची जागा नव्हे. एका पाद्र्याच्या देखरेखीखालची वस्ती म्हणजे धर्मग्राम. बाप्तिस्मा, लग्न आणि मरण या तिन्ही गोष्टी तिथे नोंदल्या जात. यांपैकी बाप्तिस्मा आणि लग्नाच्या नोंदवह्या ठेवणे ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ मध्ये बंधनकारक केले होते. त्यामुळे भात पिकवणाऱ्या, मासे धरणाऱ्या, ताडी काढणाऱ्या माणसाचे नाव, त्याच्या आईबापांचे आणि धर्ममातापित्यांचे नाव कागदावर आले. शेतसाऱ्याच्या दप्तरात जमिनीचा धनी सापडतो, त्याच्या घरात जन्मलेली मुलगी सापडत नाही. ती चर्चच्या वहीत सापडते. घंटेवर गावाचा दिवस चाले. चर्चसमोर दगडी क्रूस, बाजूला दफनभूमी, आणि सणाच्या दिवशी सगळे गाव पटांगणात. कोंडिविट्याचा सण २४ जूनचा, संत योहानाचा. ऐन पेरणीच्या दिवसांतला.

शेतकऱ्यांनी आपले जुने कालमान चर्चमध्ये आणलेच. साष्टीच्या गावठाणांत ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा होतो. भाताच्या नव्या लोंब्या कापून मिरवत आणतात, पाद्री त्या आशीर्वादित करतो. घाटावरच्या माणसाला त्यात नवान्नाची आठवण होईल, आणि ती चुकीची नाही. बोलीतही तसेच झाले. नाताळ, क्रूस, पाद्री हे शब्द पोर्तुगीजांकडून आले, पण वसईकडचे ख्रिस्ती चर्चला देऊळच म्हणत आले. पोर्तुगीज शब्द मराठीला चावी, पगार आणि पाव यांच्याइतकेच सहज पचले, एवढाच त्याचा अर्थ.

मार्च १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई. युरोपीय पाद्री निघून गेले. त्यांच्या जागी मुख्यतः एतद्देशीय पाद्री आले आणि त्यांनी साष्टीतले धर्मग्राम चालते ठेवले. वसईच्या चर्चमधल्या घंटा मात्र विजयचिन्हे म्हणून देशावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिराची घंटा १७२१ सालची, वाईजवळ मेणवलीच्या घाटावरची १७०७ ची, भीमाशंकरची १७२९ ची. मेणवलीला घंटेखाली उभे राहून फोटो काढणाऱ्या किती जणांना ती कुठल्या तरी चर्चची आहे हे ठाऊक असते, हा प्रश्नच आहे. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणे आणि साष्टी घेतली, १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम झाली.

कोंडिविट्याच्या चर्चला अखेर सत्तांतराने नव्हे, साथीने गाठले. १८४० मध्ये गावात रोगाची साथ पसरली आणि लोक वस्ती सोडून मरोळकडे सरकले. जाताना त्यांनी चर्चही नेले: वेदी, मूर्ती, बाप्तिस्म्याचे कुंड, जे उचलता येईल ते. मरोळच्या नव्या चर्चला नाव मात्र दुसऱ्या योहानाचे, शुभवर्तमानकार संत योहानाचे. भिंती तेवढ्या मागे राहिल्या. वापरातले छप्पर दर पावसाळ्याआधी चाळावे लागते, कौले बदलावी लागतात, लाकूड वाळवीपासून राखावे लागते. माणसे गेल्यावर ते कोण करणार? कोकणातल्या पावसात बिनछपराची चुन्याची भिंत झिजत जाते. इथल्या भिंती अजून उभ्या आहेत, हेच नवल.

धर्मग्रामांचे कागदोपत्री जीवनही सरळ नव्हते. पोर्तुगालच्या राजाचा चर्चवरचा जुना हक्क आणि रोमहून नेमलेले अधिकारी यांच्यात मुंबई इलाख्यात १७९४ पासून दुहेरी कारभार चालला, तो १९२८ मध्ये मिटला. एकाच गावात दोन बाजूंची दोन चर्च असा प्रकारही त्यातून घडला. दरम्यान, नोकरीसाठी मुंबईत आलेल्या गोवेकर आणि मंगळुरी ख्रिस्त्यांपासून आपण वेगळे, इथले मूळचे, हे सांगण्यासाठी साष्टी-वसईच्या लोकांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. त्यांची संघटना १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, स्थापन झाली. नऊ वर्षांनी प्लेग आला. गावठाणांच्या नाक्यांवर दिसणाऱ्या क्रूसांपैकी अनेक त्या काळातले आहेत. तारीख चौथऱ्यावरच कोरलेली असते.

१९७३ मध्ये सीप्झ सुरू झाले. निर्यातीसाठी इलेक्ट्रॉनिक्सचे उत्पादन करणारी ही वसाहत एमआयडीसीच्या जमिनीवर वसली, आणि ओस चर्च तिच्या कुंपणात आले. खाडीपलीकडे याच सुमारास तसेच घडत होते. नवी मुंबईतल्या शिरवण्यासारख्या आगरी-कोळी गावांच्या शेतांवर आणि मिठागरांवर ठाणे-बेलापूर पट्ट्यातली एमआयडीसी आणि १९७० मध्ये स्थापन झालेली सिडको आली. गावठाणे मध्ये बेटासारखी उरली. फरक एवढाच की शिरवण्यात गाव उरले आणि शेत गेले. कोंडिविट्याच्या देवळापाशी वास्तू उरली आणि तिच्याभोवतीचे गाव गेले.

सीप्झमध्ये प्रवेशपत्राशिवाय कोणालाही सोडत नाहीत, त्यामुळे एरवी हे चर्च पाहायला जाता येत नाही. वर्षातून एकदा, मे महिन्यात, परवानगीने फाटक उघडते. मरोळ आणि आसपासच्या गावठाणांतले लोक येतात, गवत काढलेल्या जमिनीवर खुर्च्या मांडतात, जुन्या वेदीच्या जागी टेबल ठेवून त्यावर पांढरे कापड अंथरतात, आणि उघड्या आभाळाखाली मिस्सा होते.