विश्लेषण : जपानची ‘स्कायलाइन’ अमेरिकेत, पण दुरुस्त करणार कोण?

निसानने ‘स्कायलाइन जीटी-आर आर३२’ ही गाडी अमेरिकेत अधिकृतपणे कधीच विकली नाही. तरीही ती आज तिथल्या रस्त्यांवर धावते आहे, ती मुख्यतः मालकांनी एकमेकांना केलेल्या मदतीवर.

गाडी अमेरिकेत पोहोचली कशी?

अमेरिकी सुरक्षा मानकांनुसार न बनलेली गाडी तिथे सहजासहजी आणता येत नाही. मात्र उत्पादनाला २५ वर्षे पूर्ण झाली की या मानकांतून सूट मिळते. ‘आर३२ जीटी-आर’ १९८९ मध्ये आली. त्यामुळे पहिल्या गाड्यांचा मार्ग २०१४ मध्ये मोकळा झाला.

अडचण नेमकी काय?

स्थानिक डीलरकडे या गाडीच्या सुट्या भागांची माहिती सहसा नसते. त्यात अनेक गाड्या जपानमधल्या आधीच्या मालकानेच मॉडिफाय केलेल्या असतात. कोणता टर्बो बसवला, बूस्ट किती वाढवला, ईसीयूमध्ये काय बदलले, याची नोंद क्वचितच हाती येते. टायमिंग बेल्ट कधी बदलला, हे सांगणारा स्टिकर असला तरी तो जपानी भाषेत! हा बेल्ट एक लाख किलोमीटरला बदलायचा असतो. तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून इंजिन निकामी होऊ शकते. म्हणून स्टिकरचा अर्थ सांगणारा मित्र मोलाचा ठरतो.

अनुभवी मालक कोणता सल्ला देतात?

पहिला सल्ला म्हणजे बूस्ट वाढवण्याची घाई नको. ‘आरबी२६’ या २.६ लिटर इंजिनाच्या मूळ दोन टर्बोंमध्ये सिरॅमिकची टर्बाइन चाके आहेत. जास्त बूस्टवर ती तुटतात. त्यामुळे आधी स्टीलच्या चाकांचे टर्बो बसवायचे. दुसरा धोका ऑइल पंपाचा. सुरुवातीच्या इंजिनांमध्ये क्रँकशाफ्टचा पंपाला फिरवणारा भाग अरुंद होता. जास्त आरपीएमवर पंपाचा गिअर तडकला की तेलाचा दाब जातो आणि इंजिन जाम होते. इंजिन उघडलेच असेल, तर तिथे रुंद कॉलर बसवून घ्या, असे जाणकार सांगतात.

सुटे भाग मिळतात कुठून?

काही भाग निसानच्याच इतर मॉडेल्समधून घेतले जातात. अमेरिकेत विकल्या गेलेल्या ‘३००झेडएक्स’चा एअर फ्लो सेन्सर अनेक जण वापरतात, मात्र त्यानंतर ईसीयू पुन्हा ट्यून करावाच लागतो. २०१७ मध्ये निसानने ‘निस्मो हेरिटेज’ योजनेतून ‘आर३२’चे बंद झालेले काही भाग पुन्हा उपलब्ध केले.

भारतात हे शक्य आहे का?

तसे अवघडच. जुनी गाडी आयात करायची तर ती सर्वसाधारणपणे तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत. नियमबाह्य बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्यामुळे इथल्या हौशी मालकाने पाना हातात घेण्याआधी आरटीओचे नियम पाहिलेले बरे.