खवटपणा रोखणारे झुडूप

गोडेतेल फार दिवस उघडे राहिले की खवट होते. असे का होते? हवेत प्राणवायू असतो. त्याच्यावाचून आपण जगत नाही. पण तोच प्राणवायू तेलाशी मिसळून तेल बिघडवतो.

काही वनस्पतींत हा बिघाड रोखणारी द्रव्ये असतात. त्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. अशाच एका झुडपाची ही हकीकत. ते आपल्याकडचे नाही. पण त्याच्यापासून आपण शिकावे असे बरेच आहे.

दूर अमेरिकेत आणि तिच्या शेजारच्या मेक्सिको देशात मोठी वाळवंटे आहेत. पाऊस अगदी थोडा. तरी तिथे एक झुडूप जोमाने वाढते. जिकडे पाहावे तिकडे तेच. म्हणून मेक्सिकोचे लोक त्याला 'गोबेर्नादोरा' म्हणतात. म्हणजे राज्य करणारी बाई!

त्याची पाने बारीक आणि चिकट असतात. पानांवर राळेचा थर असतो. त्यामुळे कडक उन्हातही पानांतले पाणी लवकर उडून जात नाही. पाऊस पडला की सारे रान राळेच्या उग्र वासाने भरून जाते.

त्या वाळवंटात तोहोनो ओओधम नावाचे लोक राहतात. हा पाला ते पिढ्यान्‌पिढ्या औषधाला वापरत आले. दुखऱ्या अंगाला शेक, जखमेला लेप, सर्दीपडशाला काढा.

पुढे शास्त्रज्ञांनी ती राळ तपासली. तिच्यात एक जोरदार अँटिऑक्सिडंट सापडले. त्याला थोडक्यात एनडीजीए म्हणतात. १९४० ते १९५० च्या दरम्यान अमेरिकेत ते खाण्याच्या चरबीत घालू लागले. अगदी थोडे घातले तरी चरबी बरेच दिवस खवट होत नसे.

मग लोकांना वाटले, डब्यातली चरबी टिकते, तर आपले शरीरही टिकेल!

पण तसे झाले नाही. उंदरांना हे द्रव्य बरेच दिवस खायला घालून पाहिले. त्यांच्या मूत्रपिंडांत पाण्याचे फोड आले. म्हणून १९६८ साली अमेरिकेच्या सरकारने ते खाण्यास निर्धोक अशा पदार्थांच्या यादीतून काढून टाकले.

तरी पाल्याचा चहा आणि गोळ्या विकल्या जातच होत्या. कॅन्सर बरा होतो, रक्त शुद्ध होते, असे विकणारे सांगत. ते घेऊन काही माणसांना कावीळ झाली. १९९२ साली सरकारने लोकांना सावध केले. पाला घेऊन आजारी पडलेल्या १८ जणांची माहिती डॉक्टरांनी तपासली. त्यांतल्या १३ जणांच्या यकृताला इजा झाली होती. दोघांना तर दुसऱ्याचे यकृत बसवावे लागले. बहुतेक जण मात्र पाला बंद केल्यावर बरे झाले.

मग झाडपाला वाईट का? मुळीच नाही. पण अंगाला लावणे वेगळे, पोटात घेणे वेगळे. एखाद्या वेळी घोटभर घेणे वेगळे, महिनोन्‌महिने रोज घेणे वेगळे. आपण खातो-पितो ते यकृताला निस्तरावे लागते. पाल्याचा काढाही त्यातून सुटत नाही.

म्हणून 'झाडपाला आहे, त्याने काय होतंय?' असे कोणी म्हटले तर ऐकू नका. काढा घेत असाल तर डॉक्टरांना तसे सांगा. डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली, तर काढा तिथेच थांबवा आणि दवाखाना गाठा.